चौथ्या सीटवरून उपदेशाचे चार शब्द

बदलापूरला फ्लॅट घेतलात म्हणे. अभिनंदन! बिल्डरच्या जाहिरातीत 'मुंबईपासून फक्त एका तासावर' असं छापलेलं असतं आणि ते अगदीच खोटं नसतं. मुंबई नेमकी कुठे सुरू होते हे जाहिरातीत सांगायचं बंधन कोणावर नाही, एवढंच. मुंबईतल्या सीएसएमटी स्टेशनपर्यंतचं साधारण ६८ किलोमीटरचं अंतर आता तुम्हाला लोकलने रोज दोनदा कापायचं आहे, तर वडीलकीच्या नात्याने काही गोष्टी सांगून ठेवतो. नाही ऐकल्यात तर डब्यातली मंडळी सांगतीलच, पण त्यांची भाषा जरा वेगळी असते.

पहिलं घड्याळ. बाहेरगावचा माणूस 'साडेआठच्या सुमाराला' निघतो. तुम्ही यापुढे 'आठ सत्तावीस'ला निघायचं. इथे गाडीला नाव नसतं, मिनिट असतं. आंघोळ, चहा, मुलांचा डबा, बायकोशी वाद, सगळं त्या मिनिटापासून उलटं मोजत बसवायचं. गाडी स्वतः आठ बेचाळीसला येते हा भाग वेगळा. त्यावर चिडू नका. मुंबई शहर १९५५ पर्यंत स्वतःचा 'बॉम्बे टाइम' पाळत होतं, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. काही गाड्यांनी ती परंपरा अजून सोडलेली नाही, असं समजावं आणि उभं राहावं.

मग फलाटावरचा इंडिकेटर. के म्हणजे कल्याण, टी म्हणजे ठाणे, इथपर्यंत शाळेतलं शिक्षण पुरतं. पुढे एन येतो. तो नेरळचा असावा अशा समजुतीने चढलात तर कसाऱ्याच्या वाटेला लागाल, कारण कसारा म्हणजे एन आणि कर्जत म्हणजे एस. शिवाय एस म्हणजे स्लो, हेही आहेच. बदलापूर कर्जतच्या वाटेवर, म्हणून तुम्हाला कर्जतची चालेल, कसाऱ्याची चालणार नाही. डुलकी लागून डोळे टिटवाळ्याला उघडलेच तर उतरून गणपतीचं दर्शन घ्या आणि घरी नवस होता म्हणून सांगा.

फलाटावर उभं राहिल्यावर कान मात्र उघडे ठेवायचे. दोन नंबरवर येणारी गाडी पाच नंबरवर येणार, ही घोषणा गाडी दिसायला लागल्यावरच होते, आधी नाही. आधी केली तर लोक चालत जातील, आणि चालत जाणाऱ्यांसाठी एवढे अरुंद जिने कोण कशाला बांधेल? दादरला तर पूर्वी याहून मजा होती. वेस्टर्न रेल्वेचा एक नंबर वेगळा, सेंट्रल रेल्वेचा एक नंबर वेगळा. 'एक नंबरवर भेटू' म्हणून ठरवलेली दोन माणसं एकमेकांच्या नावाने बोटं मोडत अर्धा तास उभी राहायची. ९ डिसेंबर २०२३ पासून सेंट्रलच्या फलाटांना आठ ते चौदा असे नंबर दिले आणि ती गंमत गेली. तरी कोणी विचारलंच तर तुम्ही जुनाच नंबर सांगा. आपण जुने आहोत हे लोकांना कळायला नको?

आता चढणं. 'गाडी पूर्ण थांबल्यावरच चढा' ही सूचना ज्यांना बसायचं नाही त्यांच्यासाठी आहे. बदलापूरहून सुटणारी गाडी, म्हणजे रिकामी मिळणार, अशा भ्रमात राहू नका. ती फलाटाला लागते तेव्हाच भरलेली असते. अंबरनाथची आणि उल्हासनगरची मंडळी उलटी बसून आलेली असतात. याला रिटर्न येणं म्हणतात. मुंबईला जायला आधी मुंबईकडे पाठ करायची. त्यांना नावं ठेवू नका, उद्यापासून तुम्हीही वांगणीला उलटे जा. वांगणीकर नेरळला जातील. या हिशेबाने अजून काही वर्षांनी सगळा मध्यमवर्ग पहाटे पाचला कर्जतला जमलेला असेल, आणि तिथेही खिडकी मिळणार नाही.

खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवता येते, पण रुमालाची पत ओळखीवर ठरते. नवख्याचा रुमाल हा नुसता रुमाल असतो. ग्रुपमधल्या माणसाचा रुमाल म्हणजे सातबारा. त्याच्या शेजारी बसायचं तर आधी त्यांच्या ग्रुपात नाव लागावं लागतं. ते भजनाला टाळ धरून, पत्ते पिसून किंवा दसऱ्याला डब्यात पूजा असते तेव्हा झेंडूची तोरणं आणून लागतं.

आणि चौथी सीट. हे प्रकरण नीट समजून घ्या, कारण तुमच्या आयुष्याचा मोठा भाग तिथेच जाणार आहे. बाक बनवणाऱ्याने तो तिघांसाठी बनवला. मुंबईकराने त्यावर चौथा बसवला. हा चौथा बसतो म्हणजे त्याची एक मांडी बाकावर असते, दुसरी हवेत, आणि एक पाय पॅसेजमध्ये ब्रेकसारखा रोवलेला. सीट मागायचीही पद्धत आहे. 'कृपया सरकता का' असलं काही बोलायचं नाही. तिसऱ्या माणसाच्या खांद्याला दोन बोटं लावायची आणि हनुवटी किंचित आत वळवायची. तो सरकणार नाही. तो सरकल्यासारखं करील. खांदा वर घेईल, श्वास आत ओढेल आणि होता तिथेच बसेल. तरीही तुम्ही टेकायचं. कुर्ला येईपर्यंत तुमचं आणि त्याचं मांडीने मांडीशी जे भांडण चालतं त्यात एक शब्द उच्चारला जात नाही. कुर्ल्याला मात्र तो म्हणतो, "जरा व्यवस्थित बसा ना." हे ऐकल्यावर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला तुम्ही मोकळे.

फर्स्ट क्लासमध्येही हेच चालतं. फक्त पास कितीतरी महाग असतो आणि उद्धार इंग्रजीत होतो.

लेडीज डब्याचं मी सांगतो ते ऐकीव आहे. तिथे आत शिरल्या शिरल्या बसलेल्या प्रत्येकीला 'कुठे उतरणार?' असं विचारायचं आणि घाटकोपरवालीच्या जागेवर मुलुंडपासूनच नाव घालून ठेवायचं. मग घाटकोपर येतं आणि कळतं की त्या जागेचं बुकिंग आधीच दुसऱ्या एका बाईने केलं आहे, जी स्वतः भांडुपला मिळालेली जागा तिसरीला देऊन बसली आहे. एवढा गुंतागुंतीचा व्यवहार एकही कागद न करता, मटार सोलता सोलता आणि क्लिपावालीशी घासाघीस करता करता होतो. पश्चिम रेल्वेने १९९२ मध्ये चर्चगेट ते बोरिवली अशी खास महिलांची गाडी सुरू केली, तेव्हा अख्खी गाडीच मिळाल्यामुळे हे प्रश्न सुटतील असं काही भाबड्या लोकांना वाटलं होतं.

तर आता मुद्द्याचं. लोकलमध्ये भांडण होणारच. ते कोणाशी करायचं हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं. माझा सल्ला आहे, जवळात जवळच्या माणसाशी करा. तो हाताशी असतो, त्याला चेहरा असतो आणि तोही तयारच असतो. या भांडणाची जुनी व्यवस्थाही लागलेली आहे. बदलापूरकराच्या मते गर्दी डोंबिवलीकरांमुळे होते, कारण ते फास्ट गाडीत घुसतात. डोंबिवलीकराच्या मते दोष बदलापूरकरांचा, कारण ते आधीच दार अडवून बसलेले असतात. दिवा स्टेशनच्या माणसाने फास्ट गाडी पकडूच नये यावर मात्र दोघांचं एकमत आहे. दिव्याला फास्ट थांबू लागली ती २०१६ च्या डिसेंबरात. दारातल्या काही मंडळींना ते अजून कळवण्यात आलेलं नाही. आपण फ्लॅट घेतला तोवर सगळं ठीक होतं, आपल्यानंतर आले त्यांनी गर्दी केली, अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत असते. तुमचीही पुढच्या वर्षापर्यंत होईल.

नवे फलाट, नव्या मार्गिका, जास्त फेऱ्या असले विषय डब्यात काढू नका. त्यातला एकही माणूस समोर नसतो, मग मजा काय? ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तिची वाट बघता बघता कितीतरी लोक नोकरीला लागून रिटायर झाले, पण त्या काळात कोणी मार्गिकेची कॉलर धरल्याचं ऐकिवात नाही. सॅक पाठीवर लावून आत शिरणाऱ्याची कॉलर मात्र रोज धरली जाते.

गाडी मध्येच थांबली की घोषणा होते आणि तिच्या शेवटी प्रवाशांना झालेल्या असुविधेबद्दल दिलगिरी असते. ती घ्यावी. कारणं ऋतुमानानुसार असतात. पावसाळ्यात शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी, थंडीत पहाटे रुळाला तडा, उन्हाळ्यात ओव्हरहेड वायर, आणि बारमाही म्हणजे सिग्नल. रविवारी काहीच बिघडलं नाही तर दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणारा मेगाब्लॉक असतो. ऑफिसला फोन करून उशीर होईल म्हणून कळवायचं कष्ट घेऊ नका. साहेब मागच्या गाडीत आहेत. कोणी फारच तावातावाने बोलायला लागला तर त्याला गप्प करणारं वाक्य पाठ करून ठेवा : "पाच रुपयांच्या तिकिटात काय विमान पाहिजे का?" हे वाक्य रेल्वेने कोणाला शिकवलेलं नाही. ते आपण स्वखुशीने, तिच्या वतीने, एका पायावर उभं राहून म्हणतो.

दाराबद्दल एक. दारात लटकणं हा गुन्हा आहे, रेल्वे कायद्याचं कलम १५६, त्याला दंडही आहे आणि तुरुंगवासही. आत जागा नसण्याला मात्र कलम नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारातली माणसं खाली पडली, त्यांतल्या काहींचा जीव गेला. त्या आठवड्यात आमच्या डब्यात काय बोललं जात होतं? कोणाची तरी पाठीवरची सॅक समोरच्या गाडीतल्या माणसांना लागली असणार. लोकांना अक्कल नाही. दारात उभं राहायची हौस असते. एवढं होईतो डोंबिवली आली आणि बाहेरून जोर लागला, तसे बोलणारे सगळेच थोडेथोडे दाराकडे सरकले. साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवू, असं रेल्वेने त्यानंतर जाहीर केलं. दारं बंद झाल्यावर उरलेल्यांनी कुठे उभं राहायचं हे बहुधा तेव्हा बघतील.

तुम्हाला वाटेल, मग एसी लोकल आहे की! आहे. २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर पहिली धावली, पुढे आपल्या मध्य रेल्वेवरही आली. दारं बंद होतात, थंडगार वाटतं. फक्त ती येते ती पुष्कळदा साध्या गाडीच्या जागेवर, आणि त्या गाडीतली माणसं फलाटावर राहतात ती पुढच्या गाडीत तुमच्या अंगावर येतात.

याच कारणावरून २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या लाइनीवर एक फार वाईट गोष्ट घडली. नव्या दहा एसी फेऱ्या सुरू झाल्या आणि कळव्याच्या प्रवाशांनी, पाठोपाठ बदलापूरच्या प्रवाशांनी, एकमेकांशी भांडायचं सोडून थेट रेल्वेलाच जाब विचारला. म्हणजे तोच चौथ्या सीटवाला आणि तोच तिसऱ्या सीटवाला, एका बाजूला! आठवडा उलटायच्या आत त्या दहाही फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. केवढा वाईट पायंडा. असं जर माणसं वरचेवर करू लागली तर डब्यातल्या संभाषणाला विषय काय उरेल? तुम्ही सुशिक्षित दिसता, कर्ज काढून इथे आला आहात, असल्या गोष्टींत पडू नका.

चला, इंडिकेटर लागला. सॅक पुढे घ्या, पास वरच्या खिशात ठेवा, चप्पल घट्ट आहे ना बघा. आणि तो हिरव्या शर्टवाला दिसतोय का, दोन माणसं सोडून, हळूच पुढे सरकतोय तो? त्याच्यावर नजर ठेवा. सगळा घोळ त्याच्यामुळेच आहे.