डबड्यांचा बाजारभाव

अमेरिकेत मंदी आली होती की नव्हती, यावर अर्थतज्ज्ञांचं अजून एकमत नाही. २०२२च्या पहिल्या दोन्ही तिमाहींत अर्थव्यवस्था आकसल्याचे आकडे आले तेव्हा आली आली म्हणून ओरड झाली, पण मंदी अधिकृतपणे जाहीर करणारी जी समिती आहे तिने काही ती जाहीर केली नाही. समितीने एकदा न्यू जर्सीला, एडिसनमधल्या आमच्या बेसमेंटमध्ये डोकावायला हवं होतं. तिथे मंदी शेल्फवर ओळीने लावून ठेवलेली होती, अक्षरवारीने, धूळ पुसून.

मी जुने व्हिडिओ गेम जमवतो. निन्टेन्डो, सुपर निन्टेन्डो, सेगा, गेमबॉय या गेम खेळायच्या यंत्रांच्या कॅसेट. बायको त्यांना ‘डबडी’ म्हणते. पूर्वी ‘तुझी डबडी’ म्हणायची. २०२१मध्ये मी तिला त्यांची एकूण किंमत दाखवली, तेव्हापासून काही महिने ती ‘आपली डबडी’ म्हणत होती. सध्या पुन्हा ‘तुझी’.

ती किंमत काही मी मनाने काढलेली नव्हती. करोनात सगळी दुनिया घरात कोंडली गेली आणि इथल्या सरकारने माणशी १,२०० डॉलर पाठवले, मग ६००, मग १,४००. माझ्यासारख्या सांगलीच्या माणसाने ते एफडीत टाकायला हवे होते. पण आजूबाजूचे चाळिशीचे सगळे पुरुष आपापलं लहानपण विकत घ्यायला निघालेले, आणि अशा वेळी एकट्यानेच शहाणं राहणं बरं दिसत नाही. गेमचे भाव सांगणारी एक साइट आहे. तिच्यावर प्रत्येक गेमचे वेगवेगळे दर असतात: सुटी कॅसेट, खोक्यासकट, सीलबंद. त्या दोन वर्षांत तिन्ही दर असे चढत होते की सकाळी दात घासताना मी श्रीमंत होत असे.

त्यात जुलै २०२१ उजाडला. डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलाव कंपनीत ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. हा गेम १९९६चा, जगभर कोटीच्या आसपास खपलेला. दुर्मीळ वगैरे मुळीच नाही. फक्त ही प्रत कुणी उघडलेली नव्हती. ती एका ग्रेडिंग कंपनीने तपासून पारदर्शक डबीत बंद केली होती आणि तिला गुण दिले होते ९.८, वरच्या प्लास्टिकला वेगळे ‘ए प्लस प्लस’. आमच्या घरी शोकेसमध्ये एक कपबशांचा सेट होता, त्यातून पाहुण्यांनाही कधी चहा मिळाला नाही. त्याचीच ही जागतिक आवृत्ती. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एवढंच आलं की आपल्याकडेही मारिओ आहे. तो उघडलेला होता, खेळलेला होता, मागे कुणाच्या तरी कुत्र्याचे दात उमटलेले होते. पण मारिओ होता.

मग महागाई ९ टक्क्यांच्या वर गेली, व्याजाचे दर जवळजवळ शून्यावरून ५ टक्क्यांवर चढले, आणि कंपन्यांना एकाएकी लक्षात आलं की आपण फार माणसं भरली आहेत. त्या फार माणसांत मी होतो. एके सकाळी लॅपटॉप उघडेना. पासवर्ड चुकला म्हणून मी तीनदा टाकून बघितला. चुकलेला पासवर्ड नव्हताच.

“काही काळजी करू नकोस,” बायको म्हणाली. “माझी नोकरी आहे. आणि आपली डबडी आहेतच की.”

हे तिने मनापासून म्हटलं होतं. मी साइट उघडली. शेल्फवरच्या मालाची किंमत दीड वर्षात बरीच आटली होती, आणि उरलेली आटायच्या मार्गावर होती.

याचं कारण समजायला अर्थशास्त्र लागत नाही. सोनं म्हातारी घेते, नवरी घेते, रिझर्व्ह बँकही घेते. १९९५ साली निघालेला सुपर निन्टेन्डोचा गेम घेणारा माणूस एकाच जातकुळीचा: पुरुष, वय चाळीसच्या आगेमागे, बहुधा कॉम्प्युटरवर काम करणारा, बेसमेंट असलेला. मंदीत नोकरी गेली ती त्याचीच. म्हणजे ज्या आठवड्यात मी विकायला काढलं त्याच आठवड्यात माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांनीही विकायला काढलं. बाजारात नुसते विक्रेते. सगळे एकमेकांचे फोटो बघतायत आणि ‘हा वेडा आहे, एवढ्याला कोण घेणार’ म्हणत आपली किंमत ५ डॉलरने कमी करतायत.

सगळ्यात आधी काढायचं ठरलं ते ‘अर्थबाऊंड’. तिचा इतिहास थोडा सांगायला हवा. जपानी गेम, अमेरिकेत १९९५ला आला, आणि इथल्या जाहिरातीत कंपनीने स्वतःच लिहिलं की हा गेम घाण मारतो. सोबत खरवडून वास घ्यायची कार्डंसुद्धा होती. लोकांनी कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि गेम घेतला नाही. कमी खपला, म्हणून आज महाग. माझी प्रत नुसती कॅसेट, खोकं नाही, आणि तिच्या पाठीवर काळ्या मार्करने ठळक अक्षरांत लिहिलेलं: केव्हिन. इथली पोरं मित्राकडे कॅसेट नेताना असं नाव घालायची, आपल्याकडे लग्नात मिळालेल्या पातेल्यावर घालतात तसं. मी ती तीनशेच्या आसपास घेतली होती. स्पिरिटचा बोळा फिरवून केव्हिन थोडा फिकट झाला, गेला नाही.

कुणी म्हणेल, सांगलीच्या माणसाला केव्हिनच्या लहानपणाशी काय करायचंय? बरोबर आहे. आमच्याकडे होती ती निन्टेन्डोच्या यंत्राची बाजारातली नक्कल, आणि तिच्यात ‘९९९९९९ इन १’ लिहिलेली पिवळी कॅसेट. त्यात खरे गेम आठ-दहा, बाकी त्याच काँट्राची आणि त्याच रणगाड्यांची नावं बदलून लावलेली लांबच लांब यादी. अडॅप्टर हाताला चटका देऊ लागला की आई म्हणायची, “बंद करा ते, टीव्हीची ट्यूब उडेल.” या लहानपणाला बाजारात भावच नाही. ती पिवळी कॅसेट आज फुकट दिली तरी घेणाऱ्याला उपकार केल्यासारखं वाटेल. केव्हिनच्या लहानपणाला मात्र दर आहे, रोजचा आहे, आलेखासकट आहे. म्हणून मी ते घेतलं.

पहिल्यांदा गेलो गावातल्या जुन्या गेमच्या दुकानात. काउंटरवरचा मुलगा गेम निघाला तेव्हा जन्मलेलाही नसेल. त्याने कॅसेट दिव्याखाली तिरपी धरली, लेबलवरून अंगठा फिरवला, मग खणातून एक खास स्क्रूड्रायव्हर काढला. या कॅसेटचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, त्याला वेगळं तोंड लागतं. दोन स्क्रू काढून त्याने झाकण उचललं. आत हिरवी पट्टी, तिच्यावर कंपनीचं नाव, चिपा, आणि गेम सेव्ह करायला नाण्याएवढी बॅटरी. चिनी नक्कल असती तर तिथे काळ्या डांबराचा थेंब दिसला असता. त्याने पट्टीच्या पिना निरखल्या.

“फुंकर मारत होतात?”

मी गप्प राहिलो. गेम चालत नसला की कॅसेटमध्ये फुंकर मारायची हे सांगलीपासून सिअॅटलपर्यंत एका पिढीला कुणीही न शिकवता येत होतं. निन्टेन्डो बिचारी सांगत राहिली की फुंकू नका, तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. पण फुंकर मारल्यावर चालायचा हो गेम!

“अस्सल आहे,” तो म्हणाला. मला मुलगी पसंत पडल्यासारखं वाटलं. मग त्याने फोनवर तीच साइट काढली जी मी रोज बघतो, आणि तिथल्या आकड्याच्या ४० टक्के रोख देऊ म्हणाला. दुकानातलाच माल घेतला तर ५०.

“आणि इथे मार्कर आहे.”

“तो केव्हिन आहे.”

“त्याचे थोडे कमी होतील.”

कॅसेट घेऊन घरी आलो. रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल. बायकोने आधीच सगळं सांगितलेलं.

“काय रे, ते खेळ मोडीत काढतोयस म्हणे?”

“मोडीत नाही बाबा. ही कलेक्टिबल्स आहेत.”

“बरं. वजनावर घेतात की नगावर?”

बाबा बँकेतून निवृत्त झालेत. त्यांच्या मते जगात मालमत्ता दोनच: सोनं आणि गुंठा. बाकी सगळा खर्च. त्यांना गप्प करायला मी अटारीची गोष्ट सांगितली. १९८३ला अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा असा कोसळला की अटारी कंपनीने न खपलेला माल ट्रक भरभरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरला. त्यात ‘ई.टी.’ होता, जेमतेम साडेपाच आठवड्यांत उरकलेला गेम. ३१ वर्षं पोरं ती दंतकथा सांगत राहिली. २०१४ला लोकांनी खणून काढलं तर खरंच निघाला. चेपलेला, घाण वासाचा. गावाच्या कौन्सिलने त्यातला माल ऑनलाइन लिलावात काढला आणि एक लाखाच्या वर डॉलर कमावले.

बाबा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं नेटवर्क गेलं.

“मग तूही पूर,” ते म्हणाले.

आमच्या सोसायटीत गवत किती इंच वाढू द्यायचं याचासुद्धा नियम आहे. तिथे खड्डा खणायला परवानगी मागायची तर अर्जात कारण काय लिहिणार? राहिला मार्ग ऑनलाइनचा. मोठ्या लिलावाच्या साइटवर १३ टक्क्यांच्या वर कमिशन, वर पोस्टेज, वर गिऱ्हाइकाने ‘बॅटरी गेलेली आहे’ म्हणून परत पाठवली तर ते आपल्या अंगावर. म्हणून गावातल्या गावात जाहिरात टाकली: २४० डॉलर. मिनिटभरात विचारणा आली, “आहे का?” मी “आहे” लिहिलं. पुढे काही नाही. असे कितीतरी जण नुसते मालाची खुशाली विचारून गेले. एकाने बदल्यात गवत कापायचं मशीन देऊ केलं, फक्त ते सुरू होत नव्हतं. एकाने लिहिलं, “४० देतो, आत्ता येतो.” या दोन वाक्यांत त्याला मोठा सौदा दिसत असावा.

शेवटी एकजण खराखुरा निघाला. भेटायचं ठरलं पोलीस स्टेशनच्या पार्किंगमध्ये. अमेरिकेत ही पद्धतच आहे. अनोळखी माणसाशी देवघेव करायला तिथे जागा आखलेली असते, वर कॅमेरा आणि पाटी. आपल्याकडे शहाणा माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. इथे मी स्वतः गाडी चालवत खिशात पाकीट घेऊन गेलो.

गिऱ्हाईक आमच्यातलंच वाटत होतं, पण ओळख न दाखवता आम्ही इंग्रजीत सभ्यपणे बोलत होतो. त्याने टॉर्च काढला, स्वतःचा स्क्रूड्रायव्हर काढला. माणूस दर्दी होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

“हो गं, आलोच. नाही, अजून घेतलं नाही. तो शंभराच्या खाली येत नाहीये.”

मी २४० म्हणालो होतो. त्या वाक्यातलं मराठी मला ओळखीचं होतं, आणि ते शंभरसुद्धा. ही कॅसेट घेतली तेव्हा मीही घरी तेवढेच सांगितले होते.

“वहिनींना नमस्कार सांगा,” मी म्हणालो.

तो दचकला. मग हसला. मग इंग्रजी बाजूला पडली आणि खरी घासाघीस सुरू झाली.

“तुम्ही कुठले?”

“सांगली.”

“अहो, मी कोल्हापूरचा! शेजारधर्म म्हणून दीडशे करा.”

“दीडशेत काय येतं हो? आणि काय करता आपण?”

“डिसेंबरात गेला माझा जॉब.”

“मग घेताय कशाला?”

“आत्ताच तर स्वस्त आहे!”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्याच दिवशी सकाळी मी याच कारणासाठी एक सेगाचा गेम पाहून ठेवला होता. तो २००वर आला, मी २२०वर. त्याने केव्हिनकडे बोट दाखवलं आणि २० अजून कमी केले. एवढ्यात इमारतीतून एक पोलीस बाहेर आला. दोन माणसं, हातात छोटी राखाडी वस्तू, टॉर्च, सुट्या नोटा, न कळणाऱ्या भाषेत तावातावाने चाललेलं. तो जवळ आला, कॅसेटकडे बघितलं आणि एकदम लहान झाला.

“अर्थबाऊंड! माझ्याकडे होती ही. आईने गॅरेज सेलमध्ये काढली. ५ डॉलरला.”

मी त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. केव्हिन नव्हता.

१९०ला सौदा पटला. घरी मी १५० सांगितले; आधी शंभरच सांगितलेले असल्यामुळे बायकोच्या हिशेबात ५० डॉलर फायदा झाला आणि ती आठवडाभर खुशीत होती. धंदा म्हणतात तो हाच.

महिना-दीड महिना गेला असेल. मला नवीन नोकरीही लागली, जरा कमी पगाराची. एका रात्री सवयीने चाळताना लिलावाच्या साइटवर एक ‘अर्थबाऊंड’ दिसली. विक्रेता न्यू जर्सीचाच. २६० डॉलर. वर्णनात ‘अत्यंत दुर्मीळ, एकाच मालकाची’. तिसऱ्या फोटोत पाठ दाखवली होती, आणि पाठीवर फिकट अक्षरांत केव्हिन.

मी नुसतं हृदयाच्या चिन्हावर बोट ठेवलं, नजर असावी म्हणून. दहा मिनिटांत निरोप आला: विक्रेत्याने खास तुमच्यासाठी किंमत २३४ डॉलर केली आहे.

मी १९०ची ऑफर टाकून ठेवलीय. खाली लिहिलंय, शेजारधर्म.