चार सिलिंडरच्या किट कारला दोन टर्बो? त्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या गाडीवेड्या पोरांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. किट कार, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जुळवलेली गाडी, बांधताय तर चार सिलिंडरच्या इंजिनलासुद्धा ट्विन टर्बोच, म्हणजे दोन टर्बो, लावा, असं त्यात ठासून सांगितलंय. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा. कारणं चार दिली आहेत: दोन टर्बो म्हणजे दुप्पट ताकद, लॅग (पेडल दाबल्यावर जोर यायला लागणारा उशीर) उरतच नाही, मोठ्या कंपन्या तेच करतात आणि भंगारातले दोन छोटे टर्बो एका मोठ्या नव्या टर्बोपेक्षा स्वस्त पडतात. पोरं यावर विश्वास ठेवून पैसे घालायला निघाली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो. अशा गाडीची रस्त्यासाठी नोंदणी हा वेगळा आणि अवघड विषय आहे. इथे फक्त इंजिनाबद्दल.

दुप्पट ताकदीचं आधी. तापीकाठच्या केळीवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. नदीवर दोन मोटारी शेजारी-शेजारी बसवून एकाच पाइपलाइनला जोडल्या तर पाणी जास्त येतं, हेड (पाणी चढवायचा दाब) वाढत नाही. हेड वाढवायचं तर एका पंपाचं पाणी दुसऱ्याच्या सक्शनला द्यावं लागतं. टर्बोचंही तसंच. शेजारी बसवलेल्या दोन टर्बोंनी एकेक बार बूस्ट (हवेचा जादा दाब) दिला तरी इंजिनला मिळतो एकच बार. ताकद ठरते ती सिलिंडरमध्ये किती हवा गेली आणि नॉकिंग (उष्णतेने मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकणं) न होता किती पेट्रोल जाळता आलं यावर. हवेचा तेवढा पुरवठा योग्य मापाचा एक टर्बोही करतो.

आणि नॉकिंगचा प्रश्न आपल्याकडे जास्तच बिकट. भुसावळला मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. ती हवा एक बार बूस्टला दाबली आणि कॉम्प्रेसरची (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाची) कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर ती बाहेर पडते साधारण 145 अंशांना. म्हणजे पहिला खर्च मोठ्या इंटरकूलरवर (दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीवर) आणि त्याला समोरून मोकळी हवा मिळण्यावर व्हायला हवा. दुसरा टर्बो या यादीत कुठेच येत नाही.

लॅगच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, ते नाकारणार नाही. टर्बोतल्या पात्यांच्या चाकाचा व्यास 0.7 पट केला तर त्याचं जडत्व सुमारे सहाव्या हिश्श्यावर येतं, त्यामुळे छोटं चाक लवकर वेग घेतं. पण दोन टर्बो लावले की प्रत्येकाच्या वाट्याला एक्झॉस्टही निम्माच येतो. चार सिलिंडरमध्ये एका टर्बोला दोनच सिलिंडर मिळतात, त्यामुळे क्रँकच्या एका फेऱ्यात त्याच्या चाकाला एकच धक्का बसतो. शिवाय चाक जितकं छोटं तितकी पात्याच्या टोकाशी गळती प्रमाणात जास्त. जडत्वात कमावलेलं इथे बरंचसं जातं.

याला चांगला पर्याय आहे: ट्विन-स्क्रोल. टर्बो एकच, पण टर्बाइनच्या (एक्झॉस्टने फिरणाऱ्या भागाच्या) हाउसिंगमध्ये दोन वेगळ्या वाटा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2 असेल तर 1 आणि 4 एका वाटेला, 2 आणि 3 दुसऱ्या वाटेला. एका सिलिंडरचा धक्का दुसऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हवर उलटत नाही आणि चाकाला चारही सिलिंडरचे धक्के मिळतात. फक्त मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांचा एक्झॉस्ट टर्बोकडे नेणाऱ्या पाइपांमध्ये) या दोन वाटा टर्बोच्या तोंडापर्यंत वेगळ्या ठेवायला हव्यात. मध्येच एकत्र केल्या तर जादा पैसे वाया गेले.

मोठ्या कंपन्यांचं म्हणाल, तर बीएमडब्ल्यूचंच बघा. 2006 मध्ये 335आय या गाडीत त्यांनी सहा सिलिंडरचं एन54 इंजिन दोन टर्बोंसह आणलं. 2009 मध्ये एन55 आलं, त्यात एकच ट्विन-स्क्रोल टर्बो. ताकद तीच, 306 पीएस (अश्वशक्ती). टॉर्कही तोच, 400 न्यूटन-मीटर, फक्त तो 1300 ऐवजी 1200 आरपीएमलाच मिळू लागला. गोंधळ होतो तो बीएमडब्ल्यूच्या ‘ट्विनपॉवर टर्बो’ या नावाने. हे नाव एका टर्बोच्या इंजिनावरही असतं. 1993 च्या टोयोटा सुप्रात दोन टर्बो होते हे खरं, पण तेही सहा सिलिंडरला, एकामागून एक चालू होणारे, व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जाळं घेऊन. तिच्यातून जबर ताकद काढणारे बहुतेक जण दोन्ही काढून एक मोठा टर्बो बसवतात. चार सिलिंडरचंच उदाहरण हवं असेल, तर 1983 मध्ये नेल्सन पिके ज्या ब्रॅबहॅमवर फॉर्म्युला वनचा विजेता झाला, तिच्या दीड लिटरच्या बीएमडब्ल्यू इंजिनाला टर्बो एकच होता.

आता स्वस्ताईचा मुद्दा. माझ्या मते सगळ्यात घातक हाच. भंगारातले टर्बो बहुतेक डिझेल पिकअपचे असतात. पेट्रोलचा एक्झॉस्ट डिझेलपेक्षा बराच जास्त तापतो, 900 अंशांच्या पुढेही जातो, आणि डिझेलचं हाउसिंग त्यासाठी केलेलं असेलच असं नाही. टर्बो दोन झाले की मॅनिफोल्डच्या वाटा, डाउनपाइप (टर्बोतून सायलेन्सरकडे जाणारा पाइप), वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप), ऑइल आणि पाण्याच्या लाइनी सगळं दोनदा. दोघांची घिसाई सारखी नसेल तर भारही सारखा वाटला जात नाही.

त्यातही ऑइलची परतीची नळी नीट बघा. टर्बोतलं ऑइल दाबाने येतं, पण परत जातं ते केवळ उताराने. नळी जाड हवी, सलग खाली उतरणारी हवी, आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइलच्या पातळीच्या वर शिरायला हवी. लोटस सेव्हन या छोट्या, बुटक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीच्या गाडीत इंजिन आधीच जमिनीलगत, एका बाजूला स्टेअरिंगचा रॉड, दुसरीकडे चॅसीचे पाइप. तिथे एका नळीला उतार देता देता नाकी नऊ येतात. नळीत खोलगट वाक राहिला की ऑइल तुंबतं, सीलमधून टर्बाइनकडे झिरपतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. मग चांगल्या टर्बोवर ‘गेला’ असा शिक्का बसतो.

दोन टर्बो शोभतात ते व्ही6, व्ही8 ला. तिथे एक्झॉस्ट दोन्ही बाजूंना निघतो आणि एका टर्बोसाठी तापलेला पाइप इंजिनाला वळसा घालून न्यावा लागतो. तुमच्या किट कारला तसं इंजिन मिळालं असेल तर जरूर दोन लावा. चार सिलिंडर रांगेत असतील, तर गाडी 600 किलोच्या आसपास असताना 150 अश्वशक्तीसुद्धा पुष्कळ आहे. कॉम्प्रेसर मॅप (कोणत्या दाबाला टर्बो किती हवा देतो याचा आलेख) बघून मापाचा एक टर्बो घ्या, आणि मॅनिफोल्ड वेल्ड करायला टाकण्याआधी इंजिन चॅसीत बसवून परतीच्या नळीचा उतार मोजा.