क्रीम एल आणि आईचं झाकण

क्रीम एल नावाच्या बिअरमध्ये क्रीम नसतं. दूध, साय, लोणी काहीच नसतं. हे आईला पटवण्यात माझे दोन दिवस गेले, कारण तिचा आक्षेप बिअरला नव्हताच, घरातलं चांगलं दूध नासवून मी त्याची दारू करणार याला होता.

आम्ही राहतो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला. इथली जेनेसी क्रीम एल 1960 पासूनची, हिरव्या कॅनमधली, गावाची अगदी घरची बिअर. प्रकार मात्र त्याहून बराच जुना. एकोणिसाव्या शतकात जर्मन लोक अमेरिकेत आले, येताना लागर, म्हणजे थंडीत मुरवलेली बिअर, घेऊन आले आणि गिऱ्हाईक तिकडे पळालं, मग इथल्या एलवाल्यांनी, म्हणजे उबेत आंबवलेली बिअर करणाऱ्यांनी, काय केलं तर यीस्ट आपलंच ठेवलं, त्यात थोडा मका घातला आणि बिअर लागरसारखी थंडीत मुरवली. 1920 ते 1933 च्या दारूबंदीत केंटकी कॉमनसारखे बिअरचे प्रकार आडवे झाले, ही टिकली.

मला वाटलं, साधी बिअर आहे, घरी करायला पहिल्यांदा हीच बरी. हे म्हणजे वरणाला काय अक्कल लागते म्हणण्यासारखं. आयपीए नावाच्या बिअरमध्ये हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, इतका मारा असतो की चार चुका खपून जातात, हिच्यात लपायला जागाच नाही.

पहिला घोळ मक्याचा. होमब्रूच्या, म्हणजे घरी बिअर करायचं सामान विकणाऱ्या, दुकानातून अर्धा किलो फ्लेक्ड मेझ आणलं होतं. सकाळी बघतो तर पिशवी रिकामी आणि ओट्यावर डबाभर चिवडा, मोहरी, कढीपत्ता, शेंगदाणे सगळं घालून. "अरे मक्याचे पोहेच ना ते? जरा कडक झालेत, तुमच्या इथल्या पोह्यांत काही दम नाही." आता रविवारी दुकान बंद. मग डोकं चाललं, की तांदूळही चालतो आणि पोहे म्हणजे आधीच शिजवून चपटा केलेला तांदूळ, वेगळा शिजवायलाही नको, सरळ माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याबरोबर, गरम पाण्यात. घातले जाडे पोहे. आई म्हणाली, धुऊन तरी घे.

मग उकळणं. एकोणीस लिटर पाणी घरच्या गॅसवर उकळायला किती वेळ लागतो हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. तेवढ्यात फोन आला म्हणून मी बाहेर गेलो, तो अर्ध्या पाऊण तासाने परत आलो तर पातेल्यावर झाकण आणि झाकणावर खलबत्ता! "उघडं ठेवून कधी उकळेल ते, गॅस काय फुकट येतो?" आता हिला कसं सांगू की माल्ट उकळताना डायमिथाइल सल्फाइड नावाचा एक पदार्थ तयार होतो, तो वाफेबरोबर उडून जायला हवा म्हणूनच भांडं उघडं ठेवतात, नाहीतर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. सांगितलं. ती म्हणाली, मका तर तू घातलाच नाहीस.

पुढे जुलैचा उकाडा, घरात सत्तावीस डिग्री आणि यीस्टसाहेबांना हवे अठरा. बिअर आंबत ठेवलेली बादली बाथटबमधल्या पाण्यात ठेवली. आईनेच सुचवलं की माठाला गुंडाळतात तसं ओलं फडकं गुंडाळ, आणि खरं सांगतो, सगळ्या इंटरनेटवर फिरून आलो होतो त्यापेक्षा हे बरं चाललं. फक्त मी हाताला आला तो टीशर्ट गुंडाळला आणि तो निघाला मंडळाचा, पुढे भला मोठा गणपती. त्यानंतर जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. गणपती काढून क्रिकेटचा टीशर्ट घातला. बाथरूम एकच, त्यामुळे दोन आठवडे आम्ही तिघं टबाशेजारी उभं राहून तांब्याने अंघोळ करत होतो आणि बादली आपली गुडुक गुडुक करत होती. बायकोने त्या दोन आठवड्यांत माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं.

बाटल्या भरल्या, गॅस धरायला अजून दोन आठवडे, तोवर आई साताऱ्याला पोचली पण. पहिली बाटली उघडली. रंग सुंदर, फेस सुंदर, आणि वास... पावसाळ्यात एसटी स्टँडवर उकडलेली कणसं विकतात ना, तोच. होमब्रूवाला मित्र म्हणाला, टेन्शन नको, क्रीम एलमध्ये थोडासा हा वास नियमात बसतो. थोडासा, म्हणाला तो.

आईला व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं बघ, तुझ्या झाकणामुळे सगळ्या बिअरला कणसाचा वास मारतोय.

"मग मीठ-लिंबू लाव की."

लिंबू पिळलं. मीठ नाही घातलं, मलाही काही स्वाभिमान आहे.