बेट निवडताना बेटाचा विचार करू नका

सुट्टी मंजूर झाली आहे, 'यंदा बेटावरच जायचं' असा ठरावही झाला आहे, आणि आता कुठलं बेट हा प्रश्न तुमच्या गळ्यात पडला आहे. घाबरू नका. जगात बेटं ढिगाने आहेत. त्यातली निळं पाणी, पांढरी वाळू आणि लखलखीत ऊन या तिन्ही अटी पुऱ्या करणारी थोडी, आणि तुमच्या ओळखीतल्या कोणीतरी जिथले फोटो टाकले आहेत अशी त्याहून थोडी. ही शेवटची चाळणीच खरी. तिथलं हवामान कसं असतं, पिण्याचं पाणी कुठून येतं, माणसं कशी राहतात, असल्या चौकशा करत बसलात तर सुट्टी संपेपर्यंत बेट ठरणार नाही.

तेव्हा फोटोपासून सुरुवात करा. ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाचे निळे घुमट तुम्ही पाहिलेलेच आहेत, म्हणून तर ते पुन्हा पाहायला हवेत. हे बेट म्हणजे सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकात मधला भाग कोसळून मागे राहिलेली कड आहे, हे सांगणारा कोणी तुमच्यात असेल तर त्याला बरोबर नेऊ नका. असली माणसं फोटोच्या वेळी हमखास पाठमोरी उभी असतात. इया गावात सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोहोचा आणि कठड्यावर जागा धरा. सूर्य टेकायला आला की तुमच्यापुढे हातांचं रान उगवेल, प्रत्येक हातात मोबाइल. त्या पडद्यांवर तुम्हाला एकाच वेळी शंभरेक सूर्य बुडताना दिसतील. इतरत्र कुठेही एकच बुडतो.

जुन्या बंदरावरून वर गावात जायला पाचशेच्या वर पायऱ्या आहेत. केबल कार आहे, पण केबल कारवर बसलेल्या माणसाचा फोटो कोण बघतो? गाढवावर बसा. ग्रीक सरकारने २०१८ मध्ये नियम केला की गाढवावर १०० किलोपेक्षा जास्त, किंवा त्याच्या स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशाहून जास्त ओझं लादायचं नाही. म्हणजे २०० किलोच्या गाढवावर ४० किलोचा पर्यटक. आधी काट्यावर कोणी उभं राहायचं, ते तुम्ही दोघांनी आपसांत ठरवा.

फोटोच्या बाबतीत बालीचा हात मात्र कोणी धरू शकणार नाही. लेंपुयांग मंदिराचं 'स्वर्गाचं दार' तुम्ही पाहिलं असेल: दोन उंच खांब, मधोमध आगुंग ज्वालामुखी आणि खाली आरशासारखं तळं, त्यात सगळ्याचं प्रतिबिंब. तिथे गेल्यावर कळतं की तळं नाही. फरसबंदी आहे. 'आरशासारखं' हा शब्द तेवढा खरा आहे, कारण आरसाच असतो. फोटो काढणारा माणूस खाली बसतो, तुमचा फोन हातात घेतो आणि लेन्सच्या अगदी खाली छोटासा आरसा आडवा धरतो. झालं तळं. तुम्ही दारात उभे राहता, एक पोझ, दुसरी पोझ, एक उडी, आणि पुढचा नंबर पुकारला जातो. त्यासाठी आधी काही तास रांगेत काढायचे असतात. गंमत अशी, की रांगेतल्या बहुतेकांना आरशाची गोष्ट आधीच माहीत असते. तरी रांग हलत नाही, उलट वाढते. इतका समजूतदार प्रेक्षक जादूगारालाही मिळत नसेल. आरसा धरून हे घराच्या अंगणातही जमेल, असं कोणी म्हणालं तर लक्ष देऊ नका. अंगणात रांग कुठून आणणार?

आता उन्हाचं बघू. तुमची सुट्टी उन्हाळ्याची आहे, म्हणजे बेटावरही उन्हाळाच असणार, इतका साधा हिशोब आहे. मॉरिशसमध्ये जुलैत हिवाळा असतो, हा मॉरिशसचा दोष. मालदीवमध्ये साधारण मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पावसाळी हंगाम, कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा. हंगाम म्हटला की दर उतरतात, आणि उतरलेला दर दिसला की कारण विचारू नये असा व्यवहार आहे. अरुबा, बोनेर, कुरसाव ही बेटं दक्षिणेला असल्याने बहुतेक वादळांच्या वाटेबाहेर राहतात म्हणे. म्हणजे तिथे दर उतरणार नाहीत. ती यादीतून काढा.

आणखी एक: बेट एक म्हणजे हवा एक, असं धरून चाला. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरीफच्या मधोमध ३७१५ मीटरचा तेइदे उभा आहे. ईशान्येचे वारे ढग आणून उत्तर बाजूला टेकवतात, दक्षिण बाजू कोरडी आणि उन्हाची. हवाईच्या काउआई बेटावर वाइआलेआले शिखराजवळ वर्षाला दहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच बेटाचा पश्चिम किनारा तहानलेला असतो. हॉटेल स्वस्त आणि आसपास गर्द हिरवं दिसलं तर डोळे मिटून घ्या. ते हिरवं कशाने झालं असेल, हा विचार खोलीच्या खिडकीतून पाऊस बघताना निवांत करता येतो.

एकच बेट करायचं की अनेक? अर्थात अनेक. ग्रीसकडे लहान-मोठी धरून सुमारे सहा हजार बेटं आहेत, वस्ती दोनशेच्या वर बेटांवर. आठवड्यात पाच तरी व्हायलाच हवीत. सकाळी बॅग भरा, धक्क्यावर जा, बोटीची वाट बघा, उतरा, खोली शोधा, बॅग उघडा, झोपा. अशाने तुम्हाला पाच बेटांचे पाच धक्के बारकाईने पाहायला मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तो फार जोरात असला की बोटी बंदरातच उभ्या राहतात. त्या दिवशी तुम्हाला एक बेट पूर्ण बघावं लागण्याचा धोका आहे. वेळापत्रकात तशी सोय ठेवू नका.

(बेटांचा खरा जाणकार नेपोलियन. जन्म कॉर्सिकावर, १८१४ ला एल्बा, १८१५ पासून सेंट हेलेना, तेही मरेपर्यंत. नंतरची दोन्ही बेटं त्याने निवडलेली नव्हती, पण सहलीचं बेट तरी घरात नक्की कोण निवडतं?)

स्थानिकांकडे वळू. हे लोक बहुतेक बेटांवर असतात. कॅनरी बेटांवर २२ लाखांच्या आसपास माणसं राहतात आणि वर्षाला दीड कोटीहून जास्त पाहुणे येतात. २० एप्रिल २०२४ रोजी हजारो रहिवासी रस्त्यावर उतरून म्हणाले, बेटांना मर्यादा असते. घरभाडी परवडत नाहीत, पाणी पुरत नाही, वगैरे. तुम्ही मनावर घेऊ नका, ते इतर पर्यटकांबद्दल बोलत होते. स्पेनच्याच मायोर्का बेटावरच्या काही आंदोलकांनी २०२३ च्या ऑगस्टमध्ये किनाऱ्यांवर पाट्या लावल्या. वर ठळक इंग्रजीत: सावधान, धोकादायक जेलीफिश. खाली बारीक अक्षरांत, तिथल्या कातालान भाषेत: किनारा खुला आहे. इंग्रजी वाचणाऱ्याने परत फिरावं आणि गावच्या माणसाने निवांत पोहावं अशी सोय. आतिथ्याचा हा प्रकार तुम्हाला रुचणार नाही, पण अक्षर सुबक होतं हे मान्य करायला हवं.

इटलीच्या काप्री बेटाला प्यायचं पाणी समोरच्या किनाऱ्यावरून येतं. जून २०२४ मध्ये ते अडलं आणि महापौरांनी पर्यटकांना उतरायलाच बंदी केली. निघालेल्या बोटी माघारी फिरल्या. रहिवाशांना उतरू दिलं. हा पक्षपात लक्षात ठेवा आणि हॉटेलात पोहोचल्यावर खोलीला पोहायचा स्वतंत्र तलाव आहे ना, एवढं आधी विचारा.

आठवण म्हणून काहीतरी आणायला हवंच. इटलीच्याच सार्डिनिया बेटाची वाळू सुंदर आहे, आणि ती उचलली तर ५०० ते ३००० युरो दंड आहे. २०१९ मध्ये एक जोडपं गाडीत ४० किलो वाळू भरून निघालं होतं, बंदरावर पकडलं गेलं. वाळू इथली आहे हे माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही, आणि ४० किलो चपलेला चिकटली असंही म्हणता येत नाही. तिथेच बुदेल्ली नावाच्या बेटावर गुलाबी वाळूचा किनारा आहे. लोक मूठमूठ नेत होते, म्हणून तो १९९० च्या दशकात बंद करावा लागला. माउरो मोरांदी नावाचा एक गृहस्थ १९८९ ते २०२१ त्या बेटावर एकटा राहून किनारा राखत होता. शेवटी त्यालाही बेट सोडावं लागलं. गुलाबी नाही मिळाली तर पांढरी वाळू आहेच. प्रवाळी बेटांवरची बरीचशी पांढरी वाळू ही पोपटमाशांनी प्रवाळ कुरतडून, पचवून मागच्या बाजूने सोडलेली असते. चेहऱ्यावर टोपी ठेवून तिच्यावर आडवं होताना हे आठवायची गरज नाही.

हे सगळं उरकण्याआधी मालदीवला जाऊन या, कारण ते बुडणार आहे. सरासरी उंची समुद्रापासून दीड मीटर. १७ ऑक्टोबर २००९ रोजी तिथले अध्यक्ष मोहम्मद नाशीद यांनी मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखाली घेतली. मंत्री पाणबुड्यांसारखी हवेची टाकी आणि नळी लावून टेबलाशी बसले आणि कार्बन उत्सर्जन कमी करा असं जगाला सांगणाऱ्या निवेदनावर सह्या केल्या. जगाने ऐकलं आणि तिकिटं काढली. लांबचं विमान, मग सीप्लेन, मग रात्रंदिवस एसी. बुडण्याआधी बघायचं तर इतकं करावंच लागतं, आणि इतकं केलं की बघायची घाई का आहे तेही पटतं. रिसॉर्टच्या खोलीतून कचरा कुठे जातो ते दिसत नाही. त्यासाठी तिलाफुशी नावाचं वेगळं बेट आहे, उथळ पाण्यात कचऱ्याची भर घालून वाढवलेलं. बुडत्या देशात नवी जमीन तयार करण्यात तुमचाही हातभार लागतो. बुकिंगच्या पानावर याचा उल्लेख नाही, हा त्यांचा विनय.

एवढं वाचूनही काही ठरत नसेल तर सँडी आयलंड घ्या. कोरल समुद्रात, न्यू कॅलेडोनियाच्या पश्चिमेला. शंभरहून जास्त वर्षं ते नकाशांवर होतं, गूगलच्या नकाशावरही. २०१२ मध्ये एक ऑस्ट्रेलियन संशोधन जहाज तिथे गेलं तर त्या जागी हजार मीटरहून खोल पाणी, बेट नाहीच. गाढव नाही, रांग नाही, पाट्या नाहीत, पाण्याची टंचाई तर मुळीच नाही. तिथे जाऊन कोणी नाराज झाल्याचं ऐकिवात नाही. फक्त खोली घेताना समुद्र दिसणारी मागा. सगळ्या तशाच आहेत, पण मागितल्याशिवाय देत नाहीत.