फोन उचलल्याने खातं रिकामं होत नाही

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज नव्याने फिरतो. वर लाल दिव्यांची रांग आणि 'पोलीस खात्याची सूचना' असा मथळा. कोणतं पोलीस ठाणं, कोणती तारीख, कोणाची सही, याचा पत्ता नाही. मजकुराचा गोषवारा असा: +९२, +३७५, +३७१ अशा नंबरवरून आलेला फोन उचलला किंवा परत लावला तर ३ सेकंदांत फोनमधले सगळे नंबर आणि बँकेची माहिती चोरली जाते. #९० किंवा #०९ दाबलं तर सिमची नक्कल होते. तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी अनोळखी फोन उचलूच नये, त्यांना साधा बटणांचा फोन द्यावा म्हणजे चिंता मिटली. आणि पैसे एकदा गेले की गेले, तक्रारीच्या भानगडीत पडू नका.

पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण हा मेसेज भीती नको तिथे घालतो आणि घालायला हवी तिथे घालत नाही. चोर पैसे नेतो ते फोन वाजल्यामुळे नाही, फोनवर त्याने सांगितलेलं आपण केल्यामुळे.

आधी ते ३ सेकंद. साध्या फोन कॉलमधून आवाज जातो, बाकी काही जात नाही. नंबरांची यादी आपल्या फोनच्या मेमरीत असते आणि खात्याचा हिशेब बँकेच्या सर्व्हरवर. ती यादी बाहेर काढायची तर फोनमध्ये एखादं ॲप टाकून त्याला परवानगी द्यावी लागते. नुसतं 'हॅलो' म्हटल्याने ते होत नाही. या दाव्यामागे खरं आहे ते एवढंच: +३७५ बेलारूसचा आणि +३७१ लॅटव्हियाचा कोड आहे, आणि अशा परदेशी नंबरवरून एक रिंग देऊन फोन कापायचा, समोरच्याने परत लावला की महागड्या दराने बिल लावायचं, ही जुनी लबाडी आहे. आपल्याकडच्या प्रीपेड सिमवर परदेशी फोनचा पॅक किंवा पुरेसा बॅलन्स नसेल तर तो फोन लागतच नाही. लागला तरी बॅलन्स जाईल, बचत खातं नाही. परत लावू नका, ब्लॉक करा, विषय संपला. व्हॉट्सॲपवर असे फोन येत असतील तर सेटिंगमध्ये गोपनीयतेखाली 'कॉल' हा भाग आहे. तिथे अनोळखी फोनची रिंग बंद करता येते.

खरी अडचण वेगळी आहे. आजोबांना फसवणारा फोन बहुतेक वेळा +९१ वरून, आपल्यासारख्याच दहा आकडी नंबरवरून येतो. डीपीला पोलिसाचा किंवा बँकेचा शिक्का असतो. '+९२ आला तर उचलू नका' एवढंच ज्याच्या डोक्यात बसलंय, त्याला +९१ आपलाच वाटतो.

#९० ची गोष्ट तर मोबाईलची नाहीच. नव्वदच्या दशकात अमेरिकेत ऑफिसच्या काही स्विचबोर्डांवर ९, ० आणि # दाबून बाहेरची लाईन दुसऱ्याच्या हाती देता येत असे. तिथला इशारा मोडतोड होत आपल्या पऱ्हाटीच्या गावांपर्यंत आला. सिमची नक्कल करायला लागणारी गुप्त किल्ली सिमच्या आतच राहते, बटण दाबून ती बाहेर येत नाही. पण या खोट्या कोडच्या गोंगाटात एक खरा कोड दबून गेला. 'तुमचं पार्सल आलंय, डिलिव्हरी बॉयला फोन लावायला *४०१* दाबून हा नंबर टाका' किंवा '*२१* दाबून हा नंबर टाका आणि शेवटी # दाबा' असं कोणी सांगितलं, तर ते कॉल फॉरवर्ड करण्याचे कोड आहेत. त्यानंतर आपल्याला येणारे फोन चोराकडे वळतात. बँकेचा खात्रीचा फोन, फोनवरून बोलून सांगितला जाणारा ओटीपी, दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲप चालू करताना येणारा फोन, सगळं त्याच्या कानावर जातं. दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ पासून अशा कोडने फॉरवर्ड चालू करण्याची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितलं होतं. पण फॉरवर्ड फोनच्या सेटिंगमधूनही लावता येतं, म्हणून तपासून घेतलेलं बरं. *#२१# डायल केलं की फॉरवर्ड चालू आहे का ते पडद्यावर दिसतं. ##००२# डायल केलं की सगळी फॉरवर्ड रद्द होतात. बटणांच्या फोनवरही हे चालतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'बरेच दिवस कोणाचा फोनच नाही आला' असं वाटत असेल तर आधी हे पाहा.

'अनोळखी फोन उचलूच नये' हा सल्ला ऐकायला सोपा आहे, पाळायला जमत नाही. कापूस खरेदी केंद्रावरचा माणूस, कृषी सहायक, आशाताई, गॅसची गाडी, पुण्याला कामावर गेलेल्या पोराच्या मित्राचा मोबाईल, हे सगळे अनोळखीच नंबर असतात. उचलायचं नाही असं ठरवलं की दोन खरे फोन चुकतात, मग तिसरा उचलला जातोच, आणि नेमका तिथे काय करायचं हे कोणी शिकवलेलं नसतं. तेव्हा फसवणुकीचा फोन कसा चालतो ते पाहू.

"नमस्कार आजोबा, कृषी विभागातून बोलून राह्यलो. तुमचा पीएम किसानचा हप्ता केवायसीपायी अडकला. आज दुपारपर्यंत नाही केली तर यादीतून नाव कटते." तो नाव सांगतो, गाव सांगतो. आजोबांना वाटतं, एवढं माहीत आहे म्हणजे माणूस खराच. पण पीएम किसानच्या लाभार्थ्यांची गावनिहाय यादी संकेतस्थळावर कोणालाही उघडता येते. नाव-गाव माहीत असणं हा काहीच पुरावा नाही. पुढे तो व्हॉट्सॲपवर फाईल पाठवतो. नाव 'पीएम किसान', शेवट 'एपीके'. ते पत्र नाही, फोटो नाही, ते ॲप आहे. उघडताना अँड्रॉइड इशारा देतो. तो म्हणतो, "ते येतेच, अलाऊ दाबा." मग ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं, तीही दिली जाते. इथून पुढे त्याला ओटीपी विचारायची गरजच राहत नाही, मेसेज परस्पर त्याच्याकडे जातात. 'मी तर ओटीपी कोणाला सांगितलाच नाही' असं म्हणणाऱ्यांचेही पैसे जातात ते यामुळे. आपल्याच व्हॉट्सॲपवरून तीच फाईल पाहुण्यारावळ्यांना जाते, ते वेगळं. म्हणून भाच्याच्या नंबरवरून फाईल आली तरी ती भाच्याने पाठवली असेलच असं नाही.

पीएम किसानची केवायसी संकेतस्थळावर ओटीपीने होते, सेतू किंवा सीएससी केंद्रात अंगठ्याने होते, नाहीतर सरकारी ॲपमध्ये चेहरा दाखवून होते. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाईलने होत नाही. कापसाचा चुकाराही आधार जोडलेल्या खात्यात आपसूक जमा होतो, तो 'सोडवायला' कोणी लिंक पाठवत नाही. हप्त्याचे, चुकाऱ्याचे आणि नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याचे दिवस चोरांनाही ठाऊक असतात. त्या दिवसांत असा फोन आला की जास्त सांभाळायचं.

फाईल उघडलीच असेल तर आधी मोबाईल डेटा आणि वायफाय बंद करा, विमान मोड लावा. दुसऱ्याच्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर आणि बँकेला कळवा. मग सेटिंगमध्ये ॲपच्या यादीत जाऊन ते काढा. काढण्याचं बटण दाबलं जात नसेल तर सुरक्षा सेटिंगमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' मधून त्याचा अधिकार आधी काढावा लागतो. या ॲपला कधी नाव नसतं, कधी आयकॉन दिसत नाही. शंका उरली तर फोनमधले फोटो दुसरीकडे साठवून फोन पूर्ण रीसेट करणं बरं.

विजेचा फोनही तसाच. 'रात्री साडेनऊला कनेक्शन कापतो, या नंबरवर बोला.' वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आज मेसेज आणि आजच रात्री अंधार, असं होत नाही.

आणि व्हिडिओवर गणवेश घालून 'तुमच्या आधारवर गुन्हा आहे, खोलीतून हलायचं नाही, कोणाला सांगायचं नाही' म्हणणारा. निवृत्त गुरुजी, ग्रामसेवक, बँकेत ठेवी असलेले लोक त्याचं खास गिऱ्हाईक. 'डिजिटल अटक' असा प्रकार भारताच्या कायद्यात नाही. हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(७) नुसार ६० वर्षांवरील व्यक्तीला ३ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायची तर डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. 'पडताळणीसाठी' पैसे एखाद्या खात्यात ठेवा म्हणणारा पोलीस असूच शकत नाही. 'कोणाला सांगू नका' हे वाक्य ऐकलं की तिथेच फोन ठेवायचा आणि शेजारी जाऊन मोठ्याने सांगायचं.

तेव्हा फोन खुशाल उचला. फोन चालू असताना मात्र चार कामं करायची नाहीत: कोड सांगणं, पिन टाकणं, ॲप किंवा फाईल घेणं, पैसे पाठवणं. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखं ॲप टाकलं किंवा व्हॉट्सॲपवर स्क्रीन दाखवली तर आपण टाकतो ते त्याला दिसतं. एक अपवाद घरात सगळ्यांना माहीत असावा: गॅसच्या सिलिंडरचा कोड पोऱ्याला सांगावा लागतो, पण सिलिंडर दारात उतरल्यावर आणि समोरासमोर. फोनवर मागितला तर नाही. बाकी काही असेल तर 'मी बँकेत येऊन बोलतो' म्हणायचं आणि आपण फोन लावायचा, तोही पासबुकवरच्या किंवा कार्डाच्या मागच्या नंबरवर. गुगलवर शोधलेला 'कस्टमर केअर' नंबर चोराचाच निघू शकतो. बँकांच्या सेवा कॉलसाठी १६०० पासून सुरू होणारी आणि जाहिरातीसाठी १४० ची मालिका आहे. त्याने ओळखायला मदत होते, पण १६०० वरून आला म्हणून ओटीपी सांगायचा नसतोच. नातवाचा रडका आवाज आला, 'अपघात झाला, पैसे टाका', तर आवाजावर जाऊ नका. आवाजाची नक्कल आता संगणक करतो. फोन ठेवून नातवाच्या नेहमीच्या नंबरवर लावा.

बटणांच्या फोनने अर्धी चिंता मिटते, हे खरं. एपीके त्यात चालत नाही, स्क्रीन दाखवता येत नाही. पण ओटीपी त्यावरही येतो आणि आजी तो वाचून सांगू शकते. त्याच्या जोडीला कार्डाचे १६ आकडे, मुदतीची तारीख आणि मागचे ३ आकडे तोंडी सांगितले की पुरतं. शिवाय खात्याला आधार जोडलेलं असलं की अंगठ्याने पैसे निघतात, त्याला फोनच लागत नाही. आधारचं बायोमेट्रिक कुलूप आधारच्या सरकारी ॲपवर किंवा संकेतस्थळावर लावता येतं, त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल हवा. मात्र बँक मित्राकडून अंगठ्यावर श्रावणबाळचे पैसे काढणाऱ्याने कुलूप लावलं की दर वेळी आधी ते उघडावं लागेल. एकट्या राहणाऱ्या आजीसाठी त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे एटीएम कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार शाखेतून बंद करून घेणं, काढण्याची मर्यादा कमी करणं, आणि मोठी ठेव असेल तर ती कार्ड-यूपीआयला न जोडलेल्या वेगळ्या खात्यात ठेवणं.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य शेवटचं. 'गेलेले पैसे परत येत नाहीत' यावर विश्वास ठेवून माणूस दोन दिवस गप्प बसतो, आणि पैसे वाचण्याची वेळ तीच असते. चोराच्या पहिल्या खात्यातून पैसे दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातात आणि शेवटी एटीएममधून निघतात. १९३० वर कळवलं की ज्या खात्यात रक्कम अजून पडून आहे तिथे ती रोखली जाते. म्हणून घरच्यांशी सल्लामसलत नंतर, फोन आधी. लाईन लागत नसेल तर लावत राहा, आणि तोवर घरातल्या कोणीतरी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार भरायला घ्या. हाताशी हवं ते: खाते क्रमांक, किती रुपये, किती वाजता, व्यवहाराचा क्रमांक (यूपीआयचा १२ आकडी असतो), समोरच्याचा नंबर. चॅट पुसू नका. तक्रारीचा क्रमांक आला की तो घालून बँकेला लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय शाखेतून उठू नका.

या शिक्क्याला किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ना तुमची ना बँकेची, मधल्या कुणाची असेल आणि बँकेकडून कळल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर भार नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेला रुपया बँकेचा. सहकारी बँकांसाठीही असंच परिपत्रक त्याच वर्षी निघालं. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीचा नंबर १४४४८. पोलीस ठाण्यात 'हे आमच्या हद्दीत नाही' म्हणाले तर 'शून्य गुन्हा' नोंदवा म्हणा. हद्द कुठली का असेना, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावीच लागते.

सगळे पैसे मिळतातच असं नाही. एटीएममधून निघालेले क्वचित मिळतात. रोखलेली रक्कमही हातात यायला महिने जातात, पोलीस ठाण्याच्या, कधी न्यायालयाच्याही फेऱ्या पडतात. आणि नेमक्या त्या महिन्यांत आणखी एक फोन येतो: "सायबर सेलमधून बोलतो, तुमचे पैसे सापडले, सोडवायला अडीच हजार प्रोसेसिंग फी भरा." एकदा फसलेल्या माणसाचा नंबर चोरांमध्ये विकला जातो, म्हणून हा फोन जवळजवळ ठरलेलाच. १९३० ची तक्रार फुकट असते, आणि रोखलेले पैसे सोडवायला पोलीस फोनवर फी मागत नाहीत.