बॅटरीतलं शिसं, घरचा गॅस आणि गुळाचा खडा: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गळ टाकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. थोडक्यात तो असा: गळाची वजनं आणि जिग (गळावरच शिसं ओतून केलेलं वजनदार आमिष) विकत कशाला घेता? गाडीची जुनी बॅटरी फोडा, शिसं फुकट मिळतं. शिसं कमी तापमानाला वितळतं, घरचा गॅस आणि जुनं पातेलं पुरे. त्या तापमानाला वाफ होत नाही, म्हणून धोका नाही. साचा नदीच्या वाळूत करा, आपल्या फौंड्रीत लोखंडसुद्धा वाळूतच ओततात. शेवटी गुळाचा खडा खा, अंगात गेलेलं सगळं उतरतं.

वजनं घरी करू नका, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः ओततो आणि आपल्या हातच्या जिगवर मरळ लागली की होणारा आनंद मलाही माहीत आहे. पण या मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक ओळ कुणाला तरी कायमचं आजारी पाडू शकते.

बॅटरीपासून सुरू करतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथं आहे. बॅटरीत शिशाच्या स्वच्छ पट्ट्या रचून ठेवलेल्या असतात, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात आत शिशाच्या जाळ्या असतात आणि त्यांवर लगदा थापलेला असतो. एका बाजूला शिशाचा तपकिरी ऑक्साइड, दुसऱ्या बाजूला भुसभुशीत करडं शिसं. बॅटरी उतरली की दोन्हीकडे शिशाचा सल्फेट तयार होतो. बॅटरीतल्या शिशाचा मोठा वाटा या लगद्यात असतो आणि तो लगदा गॅसवर वितळत नाही. त्यातून धातू काढायला कारखान्यात कोळशासोबत हजार अंशांच्या आसपासची भट्टी लागते आणि धूर-धूळ पकडणारी यंत्रणा लागते. आपल्या पातेल्यात तो नुसता पूड होऊन उडतो. तुम्हाला मिळतं ते जाळीचं आणि टर्मिनलचं थोडंसं शिसं. बाकीचं अंगणात, कपड्यांवर, पोरांच्या खेळण्यांवर बसतं.

यात सल्फ्युरिक आम्ल आलंच; ते गटारात ओतलं की पुढं कुठं जातं हे पंचगंगेकाठच्या माणसाला सांगायला नको. त्याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. बॅटरीच्या जाळीत अँटिमनी (शिसं कडक करणारा धातू) किंवा कॅल्शियम मिसळलेलं असतं, कधी आर्सेनिकही. अशा शिशावर वितळताना साचणारी मळी काढून बाजूला टाकली आणि तिला पाणी किंवा नुसती ओल लागली, तर आर्साइन वायू सुटू शकतो. तो रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि जीव घेऊ शकतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात कोरडी जागा आणणार कुठून?

आणि फुकट तरी कुठं आहे? नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वळते करून देतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करून अधिकृत पुनर्वापरापर्यंत नेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा बॅटरी न फोडता परत द्या आणि त्या पैशांत भंगारातून चांगलं शिसं घ्या.

चांगलं म्हणजे कोणतं? जुन्या बिडाच्या पाइपांच्या सांध्यातलं शिसं मऊ असतं, नखानं ओरखडा उठतो. बारीक जिगसाठी ते उत्तम. टायरवाल्याकडं चाकांच्या बॅलन्सिंगची काढलेली वजनं मिळतात. शिशाच्या क्लिपवाल्या वजनांत थोडं अँटिमनी असतं, त्यामुळं ती जरा कडक असतात. तळाशी बसणाऱ्या वजनांना चालतात. पण हल्ली त्यांत जस्ताची आणि पोलादाचीही मिसळलेली असतात. प्रत्येक तुकडा पक्कडीच्या धारेनं चावून बघा. धार रुतली तर शिसं, नाही रुतली तर बाजूला. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४१९ ला. भांडं फार तापवलं नाही तर नजरचुकीनं आलेलं जस्त आणि पोलाद वर तरंगतं, झाऱ्यानं काढता येतं. एकदा जस्त विरघळलं की सगळं शिसं पिठल्यासारखं घट्ट होतं आणि साच्याच्या कोपऱ्यात शिरतच नाही.

भंगारातलं शिसं थेट जिगच्या साच्यात ओतू नये. रंग, ग्रीस, माती सगळं पहिल्या वितळणीत जळतं. वाटाण्याएवढं मेण टाकून ढवळायचं (ते पेट घेतं, हे लक्षात असू द्या), मळी काढायची आणि लगडी पाडून ठेवायच्या. जिग दुसऱ्या वितळणीत.

आता “त्या तापमानाला वाफ होत नाही”. हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते लोकांना पटतं. शिसं उकळतं १,७४९ अंशांना आणि वितळबिंदूच्या जरा वर त्याची वाफ फार कमी असते. पण गॅसवर थर्मामीटरशिवाय ठेवलेलं भांडं ३५० वरून ५०० अंशांवर गेलेलं कळतही नाही आणि तिथून वाफेचं प्रमाण वाढत जातं. त्याहीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे घरी विष अंगात जातं ते मुख्यतः मळीच्या पिवळ्या-करड्या पुडीतून. ती हाताला लागते, हात तोंडाला लागतो. मोठ्यांच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतो, लहान मुलांत जवळपास निम्मा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही. म्हणून स्वयंपाकघर, गच्चीला लागून असलेली खोली, बंद गॅरेज यातलं काहीही नको. उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून, वेगळ्या शेगडीवर, बिडाच्या किंवा जाड पोलादी भांड्यात करा. पातळ अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको. किलोभर शिशानं तळ किंवा कान सोडला तर ते पायावरच येणार. ते कपडे वेगळे धुवा. सांडलेली पूड झाडू नका, ओल्या फडक्यानं टिपा.

वाळूचं सांगताना फौंड्रीचा दाखला दिलाय, तो मला सगळ्यात लागला. आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतली वाळू म्हणजे नदीची वाळू नव्हे. तिच्यात बेंटोनाइट नावाची चिकट माती असते, ओल मोजून ठेवलेली असते, वाफ जायला साच्याला छिद्रं पाडलेली असतात आणि ओतणाऱ्याला पिढ्यांचा अनुभव असतो. नदीची वाळू वरून कोरडी, खाली ओली. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब अडकला की त्याची वाफ सोळाशेपट जागा मागते आणि शिसं तोंडावर उडतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या मिलिंग मशीनवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमचा दोन भागांचा साचा करून घ्या, दर वेळी आधी तापवून घ्या. डोळ्यांना गॉगल, पायात बूट. वितळलेल्या शिशात थंड तुकडा टाकायचाच नाही. त्याला लागलेली ओलही तेच करते.

गूळ. कोल्हापूरचा गूळ मला कुणाइतकाच प्रिय आहे, पण तो शिसं उतरवत नाही. शरीर शिसं कॅल्शियमसारखं हाडांत साठवतं आणि ते तिथं वर्षानुवर्षं राहतं. जास्त झालं तर डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधं घ्यावी लागतात. उलट, काम संपल्या संपल्या न धुतलेल्या हातानं गुळाचा खडा तोंडात टाकणं हा शिसं खाण्याचा अगदी सरळ रस्ता. साबणानं हात-तोंड धुवा, अंघोळ करा, मग काय ते खा. नेहमी ओतत असाल तर रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या.

मेसेजमध्ये नदीबद्दल काही नाही, पण ते मी जोडतो. ब्रिटनमध्ये हंस शिशाच्या गोळ्या गिळून मरत होते, म्हणून १९८७ पासून तिथं लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपल्याकडंही पाणपक्षी दगडगोटे टिपतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याखाली दगडांत वजन हमखास अडकतं आणि तुटतं. अशा जागी शिसं ओतलेलं वापरूच नका, भंगारातला लोखंडी नट बांधा.