भागीदारी हवी, पण आधी सुकाणू कोणाकडे ते ठरवा

ब्रिटन, जपान आणि इटलीच्या सहाव्या पिढीच्या लढाऊ विमान प्रकल्पात भारतानेही शिरावं, असं एका लेखात सुचवलंय. ऐकायला छान वाटतं, पण तिथली पंगत आधीच बसलीय! २०२२ च्या डिसेंबरात घोषणा झाली, वर्षभरात करारही झाला, विमान २०३५ पर्यंत आणायचं ठरलंय. आता उशिरा जाऊन आपल्या वाट्याला आराखडा येणार की नुसतं बिल?

रशियासोबतचा अनुभव लेखकाने एका ओळीत उरकलाय, खरं तर तोच सविस्तर हवा होता. २०१० मध्ये पाचव्या पिढीच्या विमानाच्या प्राथमिक आराखड्यासाठी आपण २९.५ कोटी डॉलर मोजले आणि २०१८ मध्ये बाहेर पडलो. खर्च, तंत्रज्ञान, कामाची वाटणी, सगळ्यावरच घोडं अडलं. ओझरला सुखोई-३० वर्षानुवर्षं बांधली, तरी परवान्यावर बांधणं वेगळं आणि स्वतः आखणं वेगळं.

युरोपात तरी काय वेगळं चाललंय? फ्रान्स आणि जर्मनीच्या संयुक्त लढाऊ विमान प्रकल्पात फ्रान्सला विमानवाहू नौकेवर उतरणारं आणि अण्वस्त्र नेणारं विमान हवं, जर्मनीला यातलं काहीच नको. त्यात फ्रान्सची दासो आणि जर्मनीच्या बाजूची एअरबस या विमान कंपन्यांची नेतृत्वावरून जुंपलेली. १९८५ मध्येही फ्रान्स असाच युरोफायटर या युरोपीय देशांच्या संयुक्त विमान प्रकल्पातून उठून गेला आणि त्याने राफेल केलं (जे आज आपण विकत घेतोय).

इंजिनासाठी जरूर परदेशी भागीदार घ्या, तिथे आपलं घोडं ‘कावेरी’ या देशी जेट इंजिनापासून पेंड खातंय. पण विमानाचा आराखडा आणि सॉफ्टवेअर ‘अ‍ॅम्का’ या आपल्या स्वदेशी लढाऊ विमान प्रकल्पातच राहू द्या.